धंदेवाईक बास्केटबॉल : कालचे वीर आणि आजचे

मराठी घरांतून क्रिकेटचा विषय निघाला कीं एक वाद ठरलेला असतो. आजोबा विजय मर्चंटांचें नांव घेतात, वडील गावसकरांचें, आणि मुलगा तेंडुलकरांचें अथवा त्यांच्याहि नंतरच्या एखाद्या फलंदाजाचें. प्रत्येकाजवळ आंकडे असतात, प्रत्येकाजवळ आठवणी असतात, आणि तासभर घसा कोरडा केल्यावर प्रत्येकजण आपल्या मूळच्याच मतावर अधिक दृढ होऊन जेवावयास उठतो. अमेरिकेंत हाच वाद धंदेवाईक बास्केटबॉलविषयीं चालतो, आणि तो आपल्याकडील वादाहून कांकणभर अधिकच कडाक्याचा असतो. मायकेल जॉर्डन मोठा कीं लेब्रॉन जेम्स? विल्ट चेंबरलेन आज असता तर त्यानें काय केलें असतें? बिल रसेलचीं अकरा अजिंक्यपदें मोलाचीं, कीं तीं अवघ्या आठ-नऊ संघांच्या काळांतलीं म्हणून हलकीं?

हा सारा प्रकार पोरकट आहे असें म्हणून तो झटकून टाकण्याची रीत शिष्ट लोकांत आहे. ती रीत बरोबर नाहीं. कोणाला थोर म्हणावयाचें आणि कोणाला विसरावयाचें, याचा निवाडा हा वाद करीत असतो. आणि या खेळांत त्या निवाड्याचा कित्येक वृद्ध खेळाडूंच्या पोटापाण्याशींहि संबंध आलेला आहे, तो पुढें येईलच. दोष वादाचा नसून ज्या हत्यारानें तो लढविला जातो त्या हत्याराचा आहे. तें हत्यार म्हणजे आंकडा. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची होती, ती अजून २२ यार्डांचीच आहे. बास्केटबॉलमध्यें मात्र मैदानावरच्या रेघा हलल्या, घड्याळ नवें आलें, एका फेकीचें मोल दोनाचें तीन झालें; आणि गंमत अशी कीं, यांतले पुष्कळसे फेरबदल एखाद्या खेळाडूच्या पराक्रमामुळेंच करावे लागले. ज्याची उंची मोजावयाची त्यानेंच मोजपट्टी वांकवून ठेवावी, असा हा मामला आहे.

खेळाची मूळ मांडणी साधी आहे. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड गांवीं, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षक-विद्यालयांत, जेम्स नेस्मिथ या कॅनडांत जन्मलेल्या व्यायामशिक्षकानें हिवाळ्यांत घरांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठीं तो रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांस पीच फळांची एकेक टोपली अडकविली, १३ नियम लिहून काढले, आणि फुटबॉलचा चेंडू मुलांच्या हातीं दिला. टोपली दहा फुटांवर होती. पुढें टोपलीच्या जागीं लोखंडी कडें व जाळी आली, एका बाजूचे खेळाडू नवांचे पांच झाले. पण ते दहा फूट अद्याप दहाच आहेत. या खेळांतली तेवढी एक गोष्ट कोणत्याहि वीराला हलवितां आली नाहीं.

धंदेवाईक संघांची जी संघटना आज एन. बी. ए. या आद्याक्षरांनीं जगभर ओळखली जाते, तिची स्थापना १९४६ सालीं झाली. १९४९ मध्यें दुसरी एक संघटना तींत मिळाली आणि तिला हें नांव पडलें. तिचा पहिला खरा नायक जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, चाल कांहींशी अवजड. मिनियापोलिसच्या लेकर्स संघांतून तो खेळे. १९४९ च्या डिसेंबरांत न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दारावरील दिव्यांच्या पाटीवर सामन्याची जाहिरात झळकली, ती ‘जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स’ अशी. त्याच्या संघाचें नांव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाहीं. तें पाहून त्याचे सोबती कपडेच बदलीनात. एकटाच जा आणि खेळ, असें म्हणून त्यांनीं त्याची यथेच्छ थट्टा केली.

कड्याखालच्या ज्या पट्ट्यांत चढाई करणाऱ्या खेळाडूला तीन सेकंदांहून अधिक उभें राहतां येत नाहीं, तो पट्टा त्या वेळीं सहा फूट रुंद होता. मायकन त्याच्या कडेला उभा राहून नुसता हात लांबवी. म्हणून १९५१ सालीं तो पट्टा १२ फूट करण्यांत आला. तरीहि १९५२ पासून लागोपाठ तीन वर्षें अजिंक्यपद लेकर्सकडेच राहिलें. त्याला आवरण्याचा दुसरा उपाय म्हणजे चेंडू त्याच्या हातीं जाऊंच न देणें. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेनच्या पिस्टन्स संघानें तो उपाय करून पाहिला. चेंडू हातांत धरून खेळाडू उभे राहिले, प्रेक्षक ओरडत राहिले, आणि ४८ मिनिटांच्या खेळानंतर फलकावर आंकडे लागले १९ विरुद्ध १८. लेकर्सच्या अठरांपैकीं पंधरा गुण मायकनचे! पंधरा हा आंकडा आजच्या रसिकाला क्षुद्र वाटेल. मध्यम प्रतीचा खेळाडूहि आज तेवढे करून जातो. परंतु संघाच्या दर सहा गुणांतले पांच एकट्यानें करावे, हें कोणत्या सरासरींत बसवावयाचें?

असल्या खेळाला लोक पैसे मोजणार नाहींत हें सर्वांना कळत होतें. उपाय सुचला तो सिराक्यूझ संघाचा मालक डॅनी बायासोन याला. रंगतदार सामन्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० फेकी करतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार केला, उत्तर आलें २४. चोवीस सेकंदांत फेक झाली नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाला. १९५४ च्या हंगामापासून हा नियम लागू झाला आणि एकेका संघाची सामन्यामागची सरासरी ७९.५ गुणांवरून एकदम ९३.१ वर गेली. एन. बी. ए. जगली ती या त्रैराशिकावर. मायकननें त्याच सुमारास निवृत्ति पत्करली. १९५५-५६ मध्यें तो थोड्या सामन्यांपुरता परतला, परंतु घड्याळामागें धांवणारा तो नवा खेळ आतां त्याचा राहिला नव्हता.

मायकनच्या काळाविषयीं बोलतांना एक गोष्ट वगळली तर सारें बोलणें खोटें ठरेल. १९५० पर्यंत एन. बी. ए. मध्यें एकहि कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियमांत तशी बंदी लिहिलेली नव्हती. मालकांचा आपसांतला समज पुरेसा होता. उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या संघांत असत, आणि गांवोगांव खेळाबरोबर हंसविणाऱ्या करामती करून पोट भरीत. १९ फेब्रुवारी १९४८ रोजीं शिकागोंत या संघाची मायकनच्या लेकर्सशीं गांठ पडली. सतरा हजारांवर लोक जमले होते. अगदीं शेवटच्या क्षणीं अर्मर रॉबिन्सननें लांबून फेकलेला चेंडू कड्यांतून गेला आणि ग्लोबट्रॉटर्स ६१–५९ असे जिंकले. ज्यांना विदूषक म्हणून पाहावयाची लोकांना सवय, त्यांनीं त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संघाला धूळ चारली. त्यानंतर दोन वर्षांनीं चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड या तिघांना एन. बी. ए. चें दार उघडलें. ३१ ऑक्टोबर १९५० रोजीं त्यांपैकीं लॉइड प्रथम मैदानांत उतरला. मायकनचे आंकडे खरे आहेत. ते कोणाविरुद्ध काढावे लागले नाहींत, हें मात्र त्या रकान्यांत लिहिलेलें नसतें.

जुन्यानव्यांच्या वादांत सर्वांत अधिक दाखले दिले जातात ते १९६१-६२ च्या हंगामाचे. आंकड्यांचा मोह आणि आंकड्यांचा फोलपणा हीं दोन्ही त्या एका हंगामांत शेजारींशेजारीं पाहावयास मिळतात.

विल्ट चेंबरलेन हा सात फूट एक इंच उंचीचा, आणि नुसता उंच नव्हे, तर धांवण्यांत व उड्या मारण्यांत कसलेला. फिलाडेल्फियाच्या वॉरियर्सतर्फे त्या हंगामांत त्यानें सामन्यामागें सरासरी ५०.४ गुण केले. सामना ४८ मिनिटांचा असतां त्याच्या खेळण्याची सरासरी ४८.५ मिनिटें भरली. कारण जादा वेळ चाललेले सामनेहि तो बहुतेक सबंध खेळला. २ मार्च १९६२ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील हर्शी या चॉकोलेटच्या कारखान्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या गांवीं, न्यू यॉर्कच्या संघाविरुद्ध, त्यानें एकट्यानें शंभर गुण केले. सामन्यास हजर होते ४,१२४ लोक. चलत्‌चित्र कोणीं घेतलें नाहीं. नभोवाणीवरील वर्णनाचा अखेरचा भाग तेवढा ध्वनिमुद्रित होऊन उरला, आणि उरलें एक छायाचित्र, ज्यांत हा धिप्पाड पुरुष हातानें लिहिलेला १०० चा कागद धरून बसला आहे. नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या मुक्त फेकींत तो एरव्हीं कच्चा. त्या रात्रीं मात्र ३२ पैकीं २८ त्यानें साधल्या. हेंहि सांगावयास हवें कीं, शेवटच्या मिनिटांत त्याचे सोबती चेंडू लवकर परत मिळावा म्हणून प्रतिपक्षाला मुद्दाम नियम मोडून अडवीत होते. सामन्याचें केव्हांच नाटक झालें होतें. तरी पण शंभर ते शंभर.

त्या काळीं वर्षाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूची निवड खुद्द खेळाडूंच्या मतांनीं होत असे. मतें मोजलीं तेव्हां निवड झाली ती चेंबरलेनची नव्हे, तर बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलची. आणि रसेलची सरासरी होती १८.९! ज्यांना प्रत्यक्ष या दोघांच्या छातीशीं छाती भिडवावी लागे, त्यांनींच पन्नासवाल्याला बाजूस सारून एकोणीसवाल्याला कौल दिला. रसेलची विद्या निराळी होती. तो प्रतिपक्षाची फेक हवेंतल्या हवेंत अडवी. पण चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याचा मोह त्याला नव्हता. हलकेच टोलवून तो चेंडू आपल्याच सोबत्याच्या हातीं देई, आणि तेथून सेल्टिक्सची चढाई सुरू होई. त्याच्या धास्तीनें जी फेक प्रतिपक्षानें केलीच नाहीं, ती कोणत्या रकान्यांत लिहावी? जी त्यानें अडविली तीहि लिहिली जात नव्हती. अडविलेल्या फेकी मोजण्यास एन. बी. ए. नें आरंभ केला तो १९७३-७४ मध्यें, आणि रसेल १९६९ मध्येंच निवृत्त झाला. आपल्या मुख्य विद्येचा एकहि अधिकृत आंकडा मागें न ठेवतां तो गेला. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदें, त्यांतलीं शेवटचीं दोन खेळाडू व मार्गदर्शक अशा दुहेरी नात्यानें, एवढाच काय तो लेखी पुरावा.

त्याच हंगामाच्या तोंडावर, १९६१ च्या ऑक्टोबरांत, सेल्टिक्स संघ केंटकी संस्थानांतील लेक्झिंग्टन येथें सरावाचा सामना खेळावयास गेला होता. उतरले होते त्या हॉटेलांतील उपाहारगृहानें संघांतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वाढण्याचें नाकारलें. रसेल व त्याचे कृष्णवर्णीय सोबती सामना न खेळतां सरळ माघारीं फिरले. देशांतल्या सर्वांत यशस्वी संघाच्या आधारस्तंभाला पोटभर अन्न मिळण्याचीहि खात्री नव्हती, आणि तशा हंगामांत त्यानें अजिंक्यपद मिळविलें. २०२२ मध्यें त्याचें निधन झालें, तेव्हां त्याचा ६ हा क्रमांक यापुढें कोणत्याहि संघानें नव्या खेळाडूला देऊं नये असें एन. बी. ए. नें ठरविलें. तसा मान तोंपर्यंत त्या संघटनेंत कोणालाहि मिळाला नव्हता.

तिसरा पुरुष सिनसिनाटी रॉयल्सचा ऑस्कर रॉबर्टसन. गुण ३०.८, कड्यावरून परतलेले चेंडू पकडण्याची सरासरी १२.५, आणि सोबत्याला नेमका पास देऊन त्याच्या हातून गुण करवून घेण्याची, म्हणजे साहाय्याची, सरासरी ११.४. तिन्ही रकान्यांत दोन आंकडी मजल! या तिहेरी पराक्रमाला तेव्हां नांवहि नव्हतें. पुढें ५५ वर्षें कोणालाहि तें साधलें नाहीं. २०१६-१७ मध्यें ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकनें तें साधलें आणि वादाला नवें सरपण मिळालें. नव्या रसिकांचा हिशेब असा : रॉबर्टसनच्या काळीं एकेक संघ सामन्यामागें सुमारे १०८ फेकी करी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक चुकत, वेस्टब्रुकच्या वेळीं फेकी सुमारे ८५ वर आल्या होत्या. जितक्या फेकी चुकतील तितके चेंडू परततील. तेव्हां वेस्टब्रुकचे दहा रॉबर्टसनच्या बारांहून महाग. हिशेब बिनचूक आहे. पण जुना रसिक लगेच विचारतो कीं, साहाय्य धरण्याची रीत पूर्वीं अधिक कडक होती, त्याची वजावट कोठें आहे? अशी ही वजाबाकी कधींच संपत नाहीं.

चौथा एल्जिन बेलर. लेकर्स संघाचाच, पण तो संघ १९६० मध्यें लॉस एंजल्सला गेलेला. बेलर त्या वर्षीं सैन्याच्या राखीव दलांत चाकरीवर होता. रजा मिळेल तेव्हां, बहुधा शनिवार-रविवारीं, यावें आणि खेळावें. सराव कसला तो नाहीं. सामने अवघे ४८. आणि सरासरी ३८.३! अंतिम मालिकेंतल्या एका सामन्यांत त्यानें सेल्टिक्सविरुद्ध ६१ गुण केले, आणि तरीहि मालिका सेल्टिक्सनींच जिंकली. खेळाडू म्हणून त्याला अजिंक्यपद लाभलेंच नाहीं. गुडघे निकामी झाल्यामुळें १९७१ च्या नोव्हेंबरांत त्यानें खेळ सोडला. लगेच पुढल्या सामन्यापासून लेकर्सनीं लागोपाठ ३३ सामने जिंकले, आणि त्या हंगामाचें अजिंक्यपदहि. दैवाची थट्टा असते ती अशी.

आतां आजच्यांकडे वळावें. जुन्या रसिकांची त्यांच्याविरुद्ध मुख्य तक्रार ही कीं, जो तो दूर उभा राहून चेंडू फेकतो. कड्याखालची झुंज राहिली नाहीं. तक्रारींत तथ्य आहे. दूरच्या रेघेमागून केलेल्या फेकीला तीन गुण देण्याचा नियम एन. बी. ए. नें १९७९-८० मध्यें स्वीकारला, तेव्हां एकेक संघ सामन्यामागें अशा फेकी सरासरी तीनसुद्धां करीत नसे. अलीकडच्या हंगामांत त्या ३५ च्या वर गेल्या आहेत. लॅरी बर्ड हा आपल्या काळचा नामांकित नेमबाज. त्याच्या साऱ्या कारकीर्दीत अशा सफल फेकी भरल्या ६४९. सहा फूट दोन इंच उंचीच्या स्टीफन करीनें एकट्या २०१५-१६ च्या हंगामांत ४०२ केल्या, आणि १३ मार्च २०२५ रोजीं त्यानें चार हजारांचा टप्पा गांठला. म्हणून बर्डचा नेम करीच्या एक-षष्ठांश होता असें कोणी म्हणणार काय? बर्डला तेथून फेकावयास कोणी सांगतच नव्हतें. त्याच्याहि पूर्वीं, १९६७ ते १९७० या काळांत, लुइझियानाच्या विद्यापीठासाठीं खेळतांना पीट मॅराविच यानें सामन्यामागें ४४.२ गुणांची सरासरी राखली. त्याच्या लांबवरच्या फेकी प्रसिद्ध होत्या, आणि तीन गुणांची रेघ तेव्हां मैदानावर नव्हतीच. पट्टीचा पोहणारा नदी नसलेल्या गांवीं जन्मावा, तशांतली गत.

या रेघेच्या इतिहासांत एक मौज आहे, ती सहसा सांगितली जात नाहीं. १९६७ मध्यें एन. बी. ए. शीं स्पर्धा करण्यासाठीं अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन निघाली. तिनें चेंडू तांबडा-पांढरा-निळा केला, आणि एका अल्पायुषी संघटनेंतली तीन गुणांच्या रेघेची कल्पना उचलून ती रूढ केली. तिच्याकडूनच पुढें ती एन. बी. ए. नें घेतली. या नव्या संघटनेचा पहिला आयुक्त जॉर्ज मायकन होता! ज्याच्या उंचीला आवर घालण्यासाठीं मैदानावर रेघा सरकवाव्या लागल्या, त्याच्याच अमलाखालीं ठेंगण्यांना वरदान ठरणारी रेघ आंखली गेली. करीच्या प्रत्येक तिहेरी फेकींत मायकनचा इतका तरी वांटा आहे.

मायकनचा दुसरा वांटा करीम अब्दुल-जब्बारकडे जातो. कड्याखालीं उभें राहून आळीपाळीनें दोन्ही हातांनीं चेंडू टाकण्याचा जो सराव मायकनच्या नांवानें ओळखला जातो, तो करीम लहानपणीं घटवीत असे. त्याची ती डोक्यावरून कमानीसारखी जाणारी फेक कोणालाहि अडवितां येईना. २० हंगामांत ३८,३८७ गुण करून तो १९८९ मध्यें निवृत्त झाला. त्यांत तीन गुणांची फेक किती म्हणाल, तर एक. हा उच्चांक ७ फेब्रुवारी २०२३ रोजीं लेब्रॉन जेम्सनें ओलांडला, तेव्हां ७५ वर्षांचा करीम मैदानाच्या कडेला बसला होता. त्यानें उठून चेंडू जेम्सच्या हातीं दिला.

जेम्स आणि जॉर्डन यांच्या वादाला येथें फार वेळ देण्याचें कारण नाहीं. त्यावर पुरेसा घसा खरवडला गेला आहे. एक मुद्दा मात्र खोडून काढण्याजोगा आहे. जॉर्डन सहा वेळां अंतिम मालिकेंत गेला आणि सहाहि वेळां जिंकला. जेम्सनें २०२० पर्यंत दहा वेळां जाऊन चार वेळां जिंकलें. म्हणून जेम्स उणा, असें पुष्कळ लोक मोठ्या विश्वासानें सांगतात. पण जॉर्डनच्या पहिल्या तीन हंगामांत त्याचा संघ पहिल्याच फेरींत बाद झाला होता. अखेरच्या मालिकेंत हरणें हें पहिल्या फेरींत हरण्यापेक्षां लांच्छनास्पद कसें, हें कोडें कोणीं अजून उलगडलेलें नाहीं. जॉर्डनच्या थोरवीला असल्या टेकूची गरजहि नाहीं.

नव्या काळाच्या बाजूनें सर्वांत भारी मुद्दा निराळाच आहे. मायकनचे प्रतिस्पर्धी एका वर्णाचे होते, रसेलचे बहुतेक एका देशाचे. लिथुएनियाचा आर्विदास साबोनिस हा तिशी गांठून, टांचेच्या शिरा दुखावून घेतल्यावर, १९९५ मध्यें अमेरिकेंत खेळावयास आला. त्याच्या ऐन उमेदीचीं वर्षें तिकडच्या रसिकांना जवळून पाहावयास मिळालींच नाहींत. आज ती अडचण उरली नाहीं. २०१९ ते २०२५ या सातहि वर्षीं सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान अमेरिकेबाहेर जन्मलेल्यास मिळाला : ग्रीसचा यानिस आंतेतोकुंपो, सर्बियाचा निकोला योकिच, कॅमेरूनमध्यें जन्मलेला जोएल एंबीड, कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर. यांतला योकिच २०१४ च्या निवडींत ४१ वा होता, आणि चालतांना पाहिला तर खेळाडू वाटूं नये असा; पण पास असा देतो कीं, मैदान त्याला वरून दिसत असावें. आठ-नऊ संघांत मोजक्याच जागा, म्हणून पूर्वीं प्रत्येक संघांत निवडक माणूस असे, हेंहि खरें. पण तो निवडला जाई तो किती लहान सुपांतून!

या जगाशीं महाराष्ट्राचा संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. मुंबईंत नागपाड्याच्या मैदानानें हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजीं वरळीस एन. बी. ए. चे दोन संघ, सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स, हंगामापूर्वींचे सामने खेळून गेले. २०१३ मध्यें किंग्ज संघ विकत घेणाऱ्या मंडळींचे अग्रणी विवेक रणदिवे हे मुंबईंत जन्मलेले. पहिला सामना पाहावयास शाळकरी मुलांची मोठी गर्दी लोटली होती. किंग्ज म्हणजे नांव व गांव बदलत आलेले पूर्वींचे सिनसिनाटी रॉयल्सच, ऑस्कर रॉबर्टसनचा संघ. हें त्या मुलांपैकीं किती जणांना ठाऊक असेल?

रॉबर्टसनचें नांव निघालें तें बरें झालें, कारण त्याचें मोठें काम मैदानाबाहेरचें आहे. त्या पिढींतले बहुतेक खेळाडू उन्हाळ्यांत दुसरी नोकरी करीत. सेल्टिक्सचा टॉम हाइनसन विमा उतरवीत असे. निवृत्तिवेतन नव्हतें. १४ जानेवारी १९६४ रोजीं बॉस्टनमध्यें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता, आणि तो प्रथमच रात्रींच्या मुख्य वेळीं दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. बाहेर बर्फाचें वादळ. आंत खोलीचें दार लावून रसेल, रॉबर्टसन, बेलर, जेरी वेस्ट यांच्यासह सारे खेळाडू बसून राहिले. निवृत्तिवेतनाचें वचन मिळाल्यावांचून मैदानांत उतरणार नाहीं, असा त्यांचा निरोप होता. एका मालकानें आपल्या खेळाडूंना नोकरीची धमकी पाठविली, ती वायां गेली. घड्याळाचा कांटा पुढें सरकत होता, दूरचित्रवाणीवाले अस्वस्थ होत होते. अखेर संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनीं शब्द दिला आणि खेळ सुरू झाला. पुढें खेळाडूंच्या संघाचा अध्यक्ष या नात्यानें रॉबर्टसननें १९७० मध्यें एन. बी. ए. वर दावा लावला. खेळाडूला एकाच मालकाशीं जखडून ठेवणारी करारपद्धति मोडावी, ही त्यांतली मुख्य मागणी. दावा १९७६ मध्यें मिटला आणि खेळाडूला आपला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. रॉबर्टसन स्वतः १९७४ मध्येंच निवृत्त झाला होता. आज एका हंगामास पांच कोटि डॉलरांहून अधिक वेतन घेणारे खेळाडू आहेत, ते याच वाटेनें गेलेले.

१९६४ च्या त्या वचनाला एक कड राहून गेली होती. १९६५ पूर्वीं निवृत्त झालेल्यांना पुढें बऱ्याच काळानें जें निवृत्तिवेतन मिळूं लागलें तें अगदीं तुटपुंजें होतें. आणि मायकन त्यांतलाच. मधुमेहानें त्याचा एक पाय गेला, मूत्रपिंडें थकलीं. तशाहि स्थितींत जुन्या सोबत्यांचें वेतन वाढवावें म्हणून तो शेवटपर्यंत खटपट करीत राहिला. १ जून २००५ रोजीं ८० वर्षांचा होऊन तो वारला. शकील ओ’नील हा त्या वेळचा सर्वांत अवाढव्य खेळाडू, मायकनच्याच जागेवर खेळणारा, आणि आठ हंगाम लेकर्सकडूनच खेळलेला. तो त्या दिवसांत मायामीतर्फे महत्त्वाच्या सामन्यांत गुंतला होता. मायकनच्या अंत्यविधीचा सारा खर्च आपण करूं, असें त्यानें त्या कुटुंबाला कळविलें, आणि कुटुंबानें तें मान्य केलें.